उकाड्याच्या गावातला फोकाच्चा

फोकाच्चा हा ताटात पसरून भाजलेला, दोन-अडीच सेंटीमीटर जाडीचा, तेलात मुरलेला इटालियन पाव होय. त्याचा तळ तळल्यासारखा खरपूस असतो, वरचा पापुद्रा तांबूस आणि बोटांनी पाडलेल्या खळ्यांचा, तर मधला गर ओलसर आणि जाळीदार. मैदा, पाणी, मीठ, खमीर आणि तेल एवढेच त्याचे घटक. अंडे आणि दूध त्यात पडत नाही, त्यामुळे शाकाहारी घरात तो मूळ रूपातच करता येतो. तो लाटावा लागत नाही, त्याला यंत्र लागत नाही, साचा म्हणून उभ्या कडांचे कोणतेही जाड ताट चालते. लागते ती फक्त सवड. ही सवड किती असावी, हे मात्र घड्याळापेक्षा हवा ठरवते. इटलीतल्या जेनोव्याच्या हिवाळ्यात जे पीठ फुगायला अर्धा दिवस घेते, तेच पीठ मे महिन्यातल्या सुरतेत तासाभरात भांड्याच्या काठावर येते. म्हणून सुरतेत फोकाच्चा शिकणे म्हणजे मुख्यतः उकाड्यात पीठ कसे सांभाळायचे हे शिकणे.

या पावाचे नाव चुलीवरून पडले आहे. लॅटिन भाषेत ‘फोकुस’ म्हणजे घरातली चूल किंवा विस्तव. त्या विस्तवाच्या राखेत भाजलेल्या भाकरीला रोमन लोक ‘पानिस फोकाकिउस’ म्हणत. त्याचेच पुढे फोकाच्चा झाले. वायव्य इटलीतल्या लिगुरिया प्रांतात, जेनोव्याच्या बोलीत, त्याला ‘फुगासा’ म्हणतात. विस्तवात पीठ भाजण्याची ही कल्पना मराठी वाचकाला परकी नाही. खानदेशातली बट्टी आणि विदर्भातले रोडगे त्याच कुळातले. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेली बट्टी फोडून तुपात बुडवायची आणि वरणाशी खायची, हा बेत तापीकाठाने सुरतेपर्यंत आला आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात आणि वरण-बट्टीचा बेत तिथे आजही होतो. दोहोंतला फरक समजून घेतला की फोकाच्चा अर्धा समजतो. बट्टीची कणीक घट्ट आणि बिनखमिराची असते; तिला स्निग्धता भाजल्यानंतर मिळते. फोकाच्चाचे पीठ सैल आणि आंबवलेले असते. त्याला स्निग्धता भाजताना मिळते, कारण तो तेलाच्या थरावर बसूनच भाजला जातो.

इटलीत फोकाच्चाचे एकच रूप नाही. जेनोव्याचा फोकाच्चा सुमारे दोन सेंटीमीटर उंचीचा असतो. भाजण्यापूर्वी त्याच्या खळ्यांत मीठ, पाणी आणि ऑलिव्ह तेल यांचे मिश्रण ओततात. तिथे तो सकाळी दूध घातलेल्या कॉफीत बुडवूनही खातात. जेनोव्याजवळच्या रेक्को गावचा फोकाच्चा अगदी निराळा आहे: खमीर न घातलेल्या, पारदर्शक होईपर्यंत ताणलेल्या दोन पापुद्र्यांमध्ये मऊ ताजे चीज भरून तो भाजतात. २०१५ साली युरोपीय संघाने त्याला संरक्षित भौगोलिक मानांकन दिले. दक्षिणेकडे, बारी शहरात, पिठात कठीण गव्हाचा बारीक रवा आणि उकडून कुस्करलेला बटाटा घालतात आणि वर टोमॅटो, ऑलिव्ह पेरतात. टस्कनीत त्याच घराण्यातल्या पावाला ‘स्कियाच्चाता’ म्हणजे ‘चेपलेला’ म्हणतात. व्हेनिसकडे ‘फुगासा’ हे नाव ईस्टरच्या गोड, फुगीर पावाला आहे. जिथे जो गहू, जे तेल, जी भाजी, तसा तिथला फोकाच्चा. हा पदार्थ मुळातच स्थानिक मालावर पोसलेला असल्यामुळे सुरतेत तो सुरतेच्या मालाने करण्यात मूळ परंपरेचा भंग होत नाही. ती तशीच चालत आली आहे.

आंबवलेल्या पावाची सुरतेला जुनी ओळख आहे. डच व्यापाऱ्यांनी १६१६ साली सुरतेत पाय रोवले आणि तापीकाठी वखार घातली. युरोपीय माणसाच्या जेवणाला पाव लागतो, म्हणून वखारीसाठी भट्ट्या आल्या आणि त्या भट्ट्यांवर स्थानिक पारशी कामगार लागले. परदेशी खमीर इथे मिळत नसे. त्याची जागा ताडीने घेतली. ताडाच्या किंवा शिंदीच्या झाडाचा रस सूर्योदयापूर्वी उतरवला तर ती गोड नीरा. ऊन चढू लागले की हवेतली आणि मडक्यातली रानटी खमिरे त्या रसातल्या साखरेवर तुटून पडतात आणि काही तासांत तिची फेसाळ ताडी होते. हाच फेस पीठ फुगवतो. गोव्यातले पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, हेही पिढ्यानपिढ्या माडाच्या सुरेने, म्हणजे ताडीने, पाव फुगवत आले. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर पावाचे पहिले खमीर झाडावरून उतरले.

डचांचा व्यापार ओसरला आणि १८२४ च्या इंग्रज-डच तहानंतर त्यांच्या भारतातल्या वखारी इंग्रजांकडे गेल्या. सुरतेतल्या बेकरी-परंपरेत पुढची हकीकत अशी सांगितली जाते: वखारीतल्या भट्ट्या फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी कारागिराकडे आल्या, पण पाव खाणारे गिऱ्हाईक कमी झाले. न विकलेला पाव भट्टीच्या मंद उष्णतेत सुकत राही. तो कडकडीत, हलका आणि टिकाऊ झालेला पाव लोकांनी चहाबरोबर आणि आजाऱ्याच्या पथ्याला मागायला सुरुवात केली. पुढे तो मुद्दामच लहान गोळ्यांच्या रूपात भाजून सुकवला जाऊ लागला आणि ‘सुरती बटासा’ म्हणून नावारूपाला आला. नानखटाईची गोष्टही अशीच सांगतात: डच गोड बिस्किटातून अंडी आणि ताडी वगळली आणि स्थानिक जिभेला आणि धर्माचाराला चालेल असा ठिसूळ पदार्थ उरला. नानपुऱ्यात मक्काई पुलाजवळची दोटीवाला बेकरी आपला आरंभ १८६१ चा सांगते.

फोकाच्चा करणाऱ्याने या हकीकतीतून एक धडा घ्यावा. परक्या मुलखातला पाव सुरतेने जसाच्या तसा ठेवला नाही. खमीर इथल्या झाडाचे घेतले, टिकवण्याची युक्ती इथल्या हवेवरून शोधली आणि न चालणारे घटक वगळले. आज खमिरासाठी ताडी हा मार्ग उरलेला नाही. गुजरातेत राज्याच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे आणि बाजारात पाकीटबंद कोरडे यीस्ट सहज मिळते. हवा मात्र तीच आहे आणि तिच्याशी जुळवून घेण्याचे कामही तेच आहे.

घटकांचा विचार पिठापासून करावा. गव्हाच्या पिठात पाणी पडले की त्यातल्या ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन या प्रथिनांपासून ग्लूटेनची लवचीक जाळी विणली जाते. खमिरातून निघणारा वायू या जाळीत अडकतो आणि पीठ फुगते. मैदा निवडताना पाकिटावरचा प्रथिनांचा आकडा पाहावा. १०० ग्रॅममागे ११ ग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रथिने असलेला मैदा फोकाच्चाला चांगला. आकडा १० च्या आत असेल तर पाणी थोडे कमी करावे लागते, नाहीतर पीठ ताणण्याऐवजी वाहू लागते. चक्कीच्या कणकेचा स्वभाव वेगळा आहे. दगडी जात्याच्या घर्षणाने तिच्यातला पिष्टाचा कण अधिक मोडतो आणि मोडलेला कण जास्त पाणी पितो. शिवाय कोंड्याचे धारदार तुकडे ग्लूटेनचे धागे तोडतात. म्हणून निव्वळ कणकेचा फोकाच्चा बसका होतो. एक चतुर्थांश कणीक आणि उरलेला मैदा हे प्रमाण चव आणि जाळी दोन्ही राखते. कणीक वाढवली तर पाणीही वाढवावे.

बारीच्या पद्धतीचा फोकाच्चा करायचा तर माल घराजवळच आहे. ज्या कठीण गव्हाचा रवा इटलीत त्यासाठी वापरतात, त्याच जातीचा गहू गुजरातच्या भाल प्रदेशात जिरायती शेतात पिकतो. ‘भालिया गहू’ या नावाने त्याला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रात बन्सी रवा म्हणून जो पिवळसर, दाणेदार रवा शिऱ्यासाठी नावाजला जातो, तोही कठीण गव्हाचाच. हा रवा मिक्सरमध्ये आणखी बारीक करून मैद्याच्या तिसऱ्या हिश्श्याने घातला, तर गराला सोनेरी झाक आणि पापुद्र्याला कुरकुरीतपणा येतो. रवा पाणी सावकाश पितो. तो पाण्यात अर्धा तास भिजत ठेवून मग उरलेल्या पिठात मिसळावा.

पाणी हा फोकाच्चाचा दुसरा आधार. पोळीच्या कणकेत पिठाच्या वजनाच्या साधारण ६० टक्के पाणी असते. फोकाच्चात ते ७५ ते ८० टक्के असते. म्हणून त्याचे पीठ हाताला चिकटते, परातीत पसरते आणि प्रथमच करणाऱ्याला ते बिघडले असे वाटते. त्यावर कोरडा मैदा भुरभुरण्याचा मोह टाळावा. मोठी जाळी आणि ओलसर गर या जादा पाण्यातूनच येतात. भाजताना पाण्याची वाफ होते आणि ती वायूच्या प्रत्येक पोकळीला आतून ताणते. पावसाळ्यात मात्र सुरतेच्या दमट हवेत उघडा मैदा स्वतःच ओलावा धरतो. त्या दिवसांत ५०० ग्रॅम मैद्यामागे १०-१५ ग्रॅम पाणी हाताशी राखून ठेवावे आणि पीठ पाहून घालावे.

मीठ पिठाच्या २ टक्के, म्हणजे ५०० ग्रॅमला १० ग्रॅम. चवीखेरीज त्याची दोन कामे आहेत: ते ग्लूटेन घट्ट करते आणि खमिराचा वेग आवरते. मीठ विसरलेले पीठ उन्हाळ्यात बेफाम फुगते आणि भाजल्यावर फिके, निर्जीव लागते. खमिराच्या तीन प्रकारांत प्रमाण बदलते. १ ग्रॅम इन्स्टंट यीस्टच्या जागी साधारण सव्वा ग्रॅम साधे कोरडे यीस्ट किंवा ३ ग्रॅम ताजे दाबलेले यीस्ट लागते. फोडलेले पाकीट उकाड्यात लवकर निकामी होते, म्हणून ते हवाबंद डबीत फ्रीझरमध्ये ठेवावे. शंका आल्यास कोमट पाण्यात चिमूटभर साखरेबरोबर कालवून दहा मिनिटे पाहावे. फेस आला नाही तर ते टाकून द्यावे. कढत पाण्यात खमीर मरते. ५५-६० अंश सेल्सियसच्या पुढे ते तगत नाही.

तेल हे फोकाच्चाचे वेगळेपण. पिठात मिसळलेले तेल गर मऊ ठेवते आणि पाव शिळा होण्याचा वेग कमी करते. ताटात घातलेले तेल तळ खरपूस करते. वरून ओतलेले तेल खळ्यांत साठून पापुद्रा सांभाळते. ५०० ग्रॅम मैद्याला तिन्ही ठिकाणी मिळून ७० ते ९० ग्रॅम तेल जाते. ऑलिव्ह तेलाचा थोडा कडवट, हिरवा गंध हा मूळ चवीचा भाग आहे आणि परवडत असेल तर निदान वरच्या थराला तेच वापरावे. दक्षिण गुजरातेत घरोघरी असणारे घाण्याचे शेंगदाणा तेल पोताच्या दृष्टीने पूर्ण काम करते. त्याचा स्वतःचा खमंग वास लसूण, कांदा, ओवा यांच्याशी छान जुळतो. पिठाने पाणी पिऊन झाल्यावरच त्यात तेल घालावे. आधी घातले तर पिठाच्या कणांवर तेलाचे आवरण बसते आणि ग्लूटेन नीट विणले जात नाही.

या सगळ्या घटकांना एकत्र हाकणारी शक्ती तापमानाची आहे. पीठ दहा अंशांनी तापले की खमिराचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. घाईने फुगलेल्या पिठात वायू भरपूर असतो, पण पिष्टापासून साखर, साखरेपासून आम्ले आणि सुगंध तयार व्हायला लागणारा वेळ मिळालेला नसतो. त्यामुळे असा पाव दिसायला फुगीर आणि चवीला पोकळ निघतो. कालवल्यानंतर पिठाचे तापमान २४ ते २६ अंश असावे, असे मानतात. हे साधण्याचा हिशेब सोपा आहे. हवे असलेले तापमान तिप्पट करायचे आणि त्यातून खोलीचे व मैद्याचे तापमान वजा करायचे. उरते ते पाण्याचे तापमान. मे महिन्यात स्वयंपाकघर ३४ अंशांवर असेल आणि मैदाही तेवढाच तापलेला असेल, तर २५ ची तिप्पट ७५, त्यातून ६८ गेले, उरले ७. म्हणजे पाणी फ्रीजमधले, जवळजवळ बर्फाळ हवे. जानेवारीत खोली २२ अंशांवर असेल तर हेच उत्तर ३१ येते, म्हणजे पाणी किंचित कोमट चालते. ‘कोमट पाण्यात यीस्ट कालवा’ हा थंड मुलखातला नियम उन्हाळी सुरतेत उलटा लागू होतो.

उकाड्यावरचा दुसरा उपाय म्हणजे फ्रीज. पीठ कालवून, तासभर बाहेर ठेवून, झाकलेल्या डब्यात ४ अंशांच्या आसपास १२ ते २४ तास ठेवले, तर खमीर जवळपास थांबते, पण पिठातली विकरे आपले काम सावकाश करत राहतात. ग्लूटेनही विश्रांतीने ताणसुलभ होते. सुरतेसारख्या गावात ही पद्धत सर्वांत भरवशाची आहे. रात्री कालवलेले पीठ दुसऱ्या दिवशी सोयीच्या वेळी भाजता येते. जी कुटुंबे रात्रभर ठेवलेले पीठ वापरत नाहीत, विशेषतः वासी म्हणजे शिळे अन्न टाळणारी जैन घरे, त्यांच्यासाठी चार-पाच तासांची त्याच दिवसाची पद्धत आहे. तिच्यात यीस्ट पुढच्या कृतीतल्या प्रमाणाच्या निम्मे करावे, पाणी थंड घ्यावे आणि भांडे घरातल्या सर्वांत गार जागी, ओल्या फडक्याखाली ठेवावे. यीस्ट वाढवून वेळ वाचवण्याचा मार्ग मात्र चवीला मारक ठरतो.

कृतीचा क्रम असा. परातीत ५०० ग्रॅम मैदा, ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि ३७५ ते ४०० ग्रॅम पाणी चमच्याने कालवावे. कोरडे पीठ उरले नाही की वीस मिनिटे झाकून ठेवावे. मग मीठ आणि ३० ग्रॅम तेल घालून पीठ ओल्या हाताने तिंबावे. इथे दाबून मळणे नाही. भांड्यातल्या पिठाची एक बाजू उचलायची, ताणायची आणि मध्यावर दुमडायची, मग भांडे फिरवून चारही बाजूंनी तेच करायचे. अर्ध्या-अर्ध्या तासाने अशा तीन-चार फेऱ्या झाल्या की सुरुवातीचा चिखल गुळगुळीत, थरथरता गोळा होतो. उन्हाळ्यात फेऱ्यांमधले अंतर पंधरा मिनिटांवर आणावे. वेळेपेक्षा आकारमान पाहावे: पीठ दुपटीच्या जरा आत आले, पृष्ठभागावर बुडबुडे दिसू लागले आणि भांडे हलवल्यावर ते डुलले, की पहिला फुगवटा पूर्ण झाला.

ताटाचे माप पिठावरून ठरते. ताटाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरला साधारण १ ग्रॅम पीठ घेतले तर योग्य जाडी मिळते. २३ सेंटीमीटरच्या चौकोनी ताटाला ३०० ग्रॅम मैद्याचे पीठ पुरते. पातळ ॲल्युमिनियमपेक्षा जाड, गडद ताट किंवा बिडाचा कडांचा तवा तळाला चांगला रंग देतो. ताटात सढळ तेल घालून पीठ त्यात उलथावे आणि बोटांनी अलगद पसरावे. ते आखडत असेल तर ओढू नये. दहा-पंधरा मिनिटे थांबले की तेच सैल होते. दुसरा फुगवटा ताटातच होऊ द्यावा. थंड पीठ असेल तर दीड-दोन तास, उकाड्यात पाऊण तासही पुरतो. बोटाने हलके दाबल्यावर खळगा सावकाश आणि अर्धवटच भरून आला, म्हणजे ते तयार आहे. लगेच उसळले तर थांबावे. अजिबात उसळले नाही तर उशीर झालेला आहे आणि तडक भाजावे.

आता खळ्या. बोटांना तेल लावून ती सरळ खाली, ताटाच्या तळाला टेकेपर्यंत खुपसावीत. खळ्यांचे काम शोभेपलीकडचे आहे. त्या मोठे बुडबुडे आवरतात, पाव सर्वत्र सारखा चढतो आणि तेल-मीठ आत पोचते. जेनोव्याच्या पद्धतीने ५० ग्रॅम पाण्यात ३ ग्रॅम मीठ विरघळवून २० ग्रॅम तेलाबरोबर फेटावे आणि हे मिश्रण खळ्यांत ओतावे. पहिल्यांदा करणाऱ्याला पीठ भिजून लगदा होईल असे वाटते. प्रत्यक्षात पाणी भट्टीत उडून जाते, मीठ मागे राहते आणि खळ्यांचा तळ पांढुरका, मऊ राहून भोवतालचा उंचवटा तांबूस होतो. हा रंगभेद जेनोव्याच्या फोकाच्चाची खूण मानला जातो. हे मिश्रण वापरायचे असेल तर वरून वेगळे मीठ घालू नये.

चव देणारे पदार्थ निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात: त्यात पाणी किती आणि ते किती लवकर करपतात. टोमॅटोत पाणी फार. ते चिरून, मीठ लावून, निथळून, कापलेली बाजू पिठात दाबून बसवावेत. कांदा पातळ उभा चिरून तेल-मिठात चोळून घेतला की करपण्याआधी मऊ होतो. रोझमेरीची पाने तेलात बुडवून लावली नाहीत तर ती भट्टीत काळी पडतात. कच्चा लसूण वर पेरला तर कडू होतो. तो मंद आचेवर तेलात मऊ करून घ्यावा, किंवा पाव बाहेर आल्यावर लसणाचे तेल वरून फिरवावे. लसूण घातलेले तेल खोलीच्या तापमानाला साठवू नये. हवेशी संपर्क तुटलेल्या तेलात घातक विष तयार करणारे जिवाणू वाढू शकतात. ते फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावे.

सुरतेचा हिवाळा या बाबतीत उदार आहे. नोव्हेंबरपासून बाजारात पातीसकट ओला लसूण येतो. उंधियूत पडणारी हीच पात बारीक चिरून, तेलात कालवून, भाजण्याच्या अखेरच्या पाच मिनिटांत फोकाच्चावर पसरली तर तिचा हिरवा रंग आणि वास दोन्ही टिकतात. तापीकाठी पोंकाचे स्टॉल लागतात. हा कोवळ्या ज्वारीचा हुरडा. त्याचे दाणे खळ्यांत दाबले की भाजताना गोडसर आणि चिवट होतात, आणि वर मिरे व लिंबाचा रस त्यांना शोभतो. कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांसाठी ओवा, भरड मिरे, हिरवी मिरची आणि निथळलेला टोमॅटो हा संच पुरेसा आहे. सगळे एकाच वेळी घालू नये. दोन चवींच्या वर गेले की तेल आणि गहू यांचा स्वतःचा स्वाद झाकला जातो, आणि वजनाने पीठही बसते.

भाजणे जोरदार आचेवर व्हायला हवे. ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा ओव्हन, खालच्या-वरच्या दोन्ही कॉइल लावून २३० अंशांवर किमान वीस मिनिटे तापवावा. घरगुती ओटीजीची पोकळी लहान असते आणि वरची कॉइल पिठाच्या फार जवळ येते. म्हणून ताट खालच्या फळीवर ठेवावे. वरचा रंग लवकर चढला तर ॲल्युमिनियमचा कागद सैल झाकावा. वीस ते पंचवीस मिनिटांत कडा ताटापासून सुटतात. उलथन्याने कोपरा उचलून तळ पाहावा. तो फिका असेल तर वरचा रंग पाहून फसू नये. पाव बाहेर येताच जाळीवर काढावा. ताटातच ठेवला तर स्वतःच्या वाफेने तळ भिजतो. मग दहा-पंधरा मिनिटे थांबून कापावा, कारण या वेळात गर स्थिर होतो.

ओव्हन नसलेल्या घरातही मार्ग आहे. जाड कढईत मिठाचा थर घालून, त्यावर स्टँड आणि घट्ट झाकण ठेवून पंधरा मिनिटे तापवावी आणि लहान ताट आत ठेवून मध्यम आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटे भाजावे. तळ उत्तम होतो, पण वरून उष्णता कमी मिळाल्याने पापुद्रा फिका राहतो. दुसरा मार्ग बिडाच्या तव्याचा: पीठ थोडे पातळ पसरून, झाकून, मंद आचेवर एक बाजू बारा-पंधरा मिनिटे आणि मग उलटून दुसरी बाजू. यात खळ्या बुजतात, तरी तेल, ओलावा आणि जाळी कायम राहते. ज्या पावाचे नावच चुलीवरून पडले, त्याला तवा परका मानण्याचे कारण नाही.

नेहमीच्या बिघाडांची कारणेही वरच्या विवेचनातच आहेत. गर दाट आणि ओला आला तर पीठ कमी फुगले किंवा कमी भाजले. पाव बसका आणि आंबूस झाला तर ते उकाड्यात हाताबाहेर फुगले. वरून कडक, आतून कोरडा झाला तर आच मंद होती आणि वेळ फार गेला. तळ चिकटला तर तेलात कंजुषी झाली. दर वेळी खोलीचे तापमान, पाण्याचे तापमान आणि फुगायला लागलेला वेळ वहीत टिपून ठेवला, तर वर्षभरात त्या स्वयंपाकघराचे स्वतःचे कोष्टक तयार होते. छापील पाककृतीतल्या मिनिटांपेक्षा ते अधिक उपयोगी पडते.

उरते टिकवण्याची बाब. फोकाच्चा भाजल्या दिवशी सर्वांत चांगला. दुसऱ्या दिवशी १८० अंशांवर पाच-सात मिनिटे गरम केला की पुन्हा मऊ होतो. तो फ्रीजमध्ये ठेवू नये. गोठणबिंदूच्या जरा वरच्या तापमानात पिष्टाचे कण सर्वांत वेगाने पुन्हा घट्ट होतात आणि पाव बाहेर ठेवल्यापेक्षाही लवकर शिळा लागतो. जास्त दिवस ठेवायचा तर तुकडे करून, हवाबंद पिशवीत, थेट फ्रीझरमध्ये ठेवावा. पावसाळ्यात बाहेर ठेवलेल्या पावाला दोन दिवसांत बुरशी धरू शकते आणि बुरशी दिसली की तो पूर्णच टाकावा. बुरशी येण्याआधी उरलेला पाव वाया घालवण्याचे मात्र कारण नाही. बोटभर रुंद पट्ट्या कापून १२० अंशांवर, मधूनमधून उलटत, आतला सगळा ओलावा जाईपर्यंत सुकवाव्यात. पाणी गेले की बुरशीला आधार उरत नाही. डब्यात भरलेल्या या कडक, खमंग पट्ट्या चहाबरोबर काही दिवस पुरतात. वखारीच्या भट्टीत न खपलेला पाव सुकवून सुरतेने जी युक्ती शोधली, तीच घरच्या फोकाच्चालाही लागू पडते.